असईचं मैदान टेबलावर मांडताना: रंगाआधी जमीन

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही जालन्याचे, मित्रांना घेऊन ६ × ४ फुटांच्या टेबलावर असईची १८०३ ची लढाई वॉरगेम म्हणून, म्हणजे छोट्या सैनिकांनी नियम लावून खेळायला मांडताय, फिगर्स (ते छोटे सैनिक) २८ मिमी उंचीच्या. थर्माकोलचा एक मोठा डोंगर केला, टेबलाच्या मधोमध निळी नदी नेली, कौलारू घरांचं गाव वसवलं, मोकळ्या जागेत झाडं लावली. डोंगराला स्प्रेने रंग दिला तर त्याला खड्डे पडले. खेळायला बसलात तर पलटणी उतारावर टिकेनात आणि अर्धा वेळ नदी ओलांडण्यातच गेला. आणि तुम्ही विचारलंय की थर्माकोल खराब होणार नाही असा रंग कोणता.

रंगाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं. कंपनी बदलून उपयोग नाही. ऑइल पेंट, थिनर आणि चपलांना लावतात तो रबराचा पिवळा गोंद, यांचंही तेच. थर्माकोलला फक्त पाण्यातला माल लावायचा: पांढरा फेविकॉल, भिंतीचा इमल्शन, अ‍ॅक्रिलिक. कोरून झाल्यावर वॉल पुट्टीत फेविकॉल आणि पाणी घालून, ब्रशने ओढता येईल इतपत पातळ करून दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. हा लेप सलग बसला तर वरून हलका स्प्रे चालतो, पण एका दाण्याएवढी जागा उघडी राहिली तरी तो तिथून आत शिरतो आणि वरचं कवच तसंच ठेवून खालचं पोखरतो. म्हणून मी टेरेनवर, म्हणजे टेबलावरच्या जमीन-डोंगर-घरांवर, स्प्रे मारतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा इमल्शन आणि त्यात मिसळायच्या रंगाच्या (स्टेनरच्या) तीन छोट्या बाटल्या, काळी, पिवळी ऑक्साइड आणि बर्न्ट सिएना, एवढ्यात आपल्याकडची जमीन होते. हिरव्यासाठी चौथी घ्या.

पण रंग बदलून तुमचा खेळ सुधारणार नाही. तुम्ही जे केलंय ते बघायला छान आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. दिवाळीतला किल्ला बघण्यासाठी असतो, त्यावर मावळे आपण हवे तिथे मातीत खोचतो. वॉरगेमचं टेरेन हाताळायचं असतं. त्यावर बेस (फिगर्स ज्यावर चिकटवतात त्या पट्ट्या) सरकतात, फूटपट्टी ठेवावी लागते, तोफेला समोरचं दिसतंय की नाही हे वाकून पाहावं लागतं. त्यामुळे माझ्याकडे कोणताही तुकडा करायला घेण्याआधी एकच प्रश्न असतो: हा तुकडा खेळात काय करणार? वाट अडवणार, वेग कमी करणार, नजर रोखणार, का नुसता शोभेला? शोभेच्या वस्तूंना टेबलाच्या कडेला जागा, बाकीच्यांना मधे.

आता असईचं मैदान या नजरेने बघा. तुमच्याच जिल्ह्यातलं असई हे जुई नदीच्या दक्षिण काठावरचं गाव. त्याच्या दक्षिणेला केळणा. दोन्ही नद्या पूर्वेकडे जवळ येत येत मिळतात, आणि मधे जमिनीची एक जीभ तयार होते. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज केळणेच्या उत्तरेला होती, आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून आला. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा, नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, आणि ताडलं की इतक्या जवळच्या गावांमधे ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार. तिथून तो केळणा ओलांडून त्या जिभेवर शिरला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. शिंद्यांच्या कंपूचा, म्हणजे कवायती पलटणींचा, सेनापती पोलमन याने आपली अख्खी रांग काटकोनात फिरवली: उजवं टोक केळणेला, डावं असईला. ही रांग साधारण मैलभर लांब होती.

म्हणजे तुमची नदी चुकीच्या जागी आहे. नद्या दोन, आणि दोन्ही टेबलाच्या लांब कडांनी जायला हव्यात. दक्षिणेच्या कडेला केळणा, उत्तरेच्या कडेला जुई, पूर्वेला दोन्ही थोड्या आत वळलेल्या. दक्षिण-पूर्व कोपऱ्यात उतार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घर, म्हणजे ती दोन गावं. उत्तरेच्या कडेला, मध्याच्या जरा पश्चिमेला, असई. मधला सगळा भाग मोकळा. पोलमनची रांग तिथेच वळणार आहे आणि इंग्रजांची पायदळं तिथूनच चालत जाणार आहेत. तिथे तुम्ही एक आमराई ठेवलीत तरी तोफांची नजर अडते आणि लढाईचा अर्थ बदलतो. त्या दिवशी इंग्रजांच्या उजव्या बाजूची पिकेट्स, म्हणजे पुढच्या पहाऱ्याच्या तुकड्या, वाट सोडून असईच्या तटाकडे भरकटली, त्यांच्या मागून ७४ वी हायलँडर पलटण गेली, आणि दोघांची तिथे दाणादाण उडाली. ते तुमच्या टेबलावर घडायचं असेल तर असईच्या पुढे लपायला काही नको.

आणि डोंगर काढून टाका. तिथली जमीन थोडीफार चढउताराची आहे, पण पलटण अडावी असा डोंगर मैदानात नाही. तुमचा डोंगर फेकू नका, त्याचं पुढे सांगतो.

इथून पुढचं काही गोष्टींवर अवलंबून आहे: नियम कोणते वापरता, बेस किती रुंद आहेत, आणि टेबल कायम मांडून ठेवता येतं की जेवायच्या आधी उचलावं लागतं. घरात जागा नसेल तर २ × २ फुटांच्या सहा फरशा करा असं बरेच जण सांगतात. त्या दिसतात छान, पण सांधे दिसतात, कोपरे फुटतात आणि कपाटात मावत नाहीत. पहिल्याच टेबलासाठी मी कापडाची चटई सुचवेन.

मांजरपाट घ्या, टेबलापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठं. फळीवर ताणून खिळ्यांनी बसवा. भिंतीच्या भेगा भरायचा अ‍ॅक्रिलिक सीलंट मिळतो, तो घ्या. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. सीलंटमध्ये तपकिरी इमल्शन, थोडं पाणी आणि चाळलेली वाळू कालवून प्लास्टिकच्या पट्टीने पातळ थर ओढा, कापडाचे धागे जेमतेम झाकले जातील इतकाच. वाळल्यावर हा थर रबरासारखा लवचिक राहतो. चटई गुंडाळून ठेवायची, रंगाची बाजू बाहेर, आणि घडी कधीच घालायची नाही. जमिनीला हलका उंचवटा हवा असेल तर चटईखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा. असईला तेवढाच चढउतार पुरतो.

वाळूच्या जागी काळी माती वापरावी असं मनात येईल. जाड थर देऊ नका. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या त्यामुळेच, आणि फेविकॉलमध्ये कालवली तरी ती सवय सोडत नाही. थर वाळला की तडकतो आणि पापुद्रे निघतात. पोतासाठी चाळलेला मुरूम चांगला, तो जागचा हलत नाही. काळी माती वस्त्रगाळ करून अगदी शेवटी, ओल्या फेविकॉलवर चिमटीने भुरभुरवा. तिचा रंग कोणत्याही बाटलीतून येत नाही.

रंगाबद्दल दोन गोष्टी. परदेशी चित्रं आणि मॉडेलं पाहून दख्खन म्हणजे पिवळं वाळवंट असं टेबलावर येतं. असईची लढाई सप्टेंबरच्या शेवटाला झाली. त्या दिवसांत भोकरदनच्या बाजूला जाऊन बघा: बांधांवर गवत उभं, माळ हिरवा, आणि मधेमधे काळी ओली जमीन. चटईचा तळ काळसर तपकिरी ठेवा, त्यावर कोरड्या ब्रशने राखाडी तपकिरी ओढा, आणि गवत भरपूर लावा. दुसरी गोष्ट नदीची. पावसाळ्याच्या शेवटाला आपल्या नद्या निळ्या नसतात. मधे गढूळ तपकिरी, काठाकडे थोडा पिवळट रंग, आणि उताराच्या जागी आणखी फिका. वरून पाण्यातलं ग्लॉस वार्निश तीन-चार पातळ थरांत. उताराच्या जागी बारीक गोटे चिकटवा, म्हणजे सगळ्यांना दुरूनच कळेल की पलटण इथूनच जाणार. रेझिन ओतायचा मोह टाळा, चटईवर ते तडकतं. पाण्यावर शेवटचा हात फेविकॉलचाही देऊ नका, पावसाळी हवेत तो परत दुधाळ होतो.

आता गाव. इथे मापाचा एक पेच आहे आणि तो आधी समजून घेतला तर पुष्कळ मेहनत वाचते. मैलभराची रांग तुम्ही टेबलाच्या साधारण १०० सेंटिमीटरमध्ये बसवताय, म्हणजे जमिनीवर १ सेंटिमीटर म्हणजे १६ मीटर. पण फिगर २८ मिमीची आहे, म्हणजे माणूस साधारण साठपट लहान केलेला. त्या मापाचं १० सेंटिमीटरचं घर जमिनीवर १६० मीटर जागा खातं. दोन मापं एकत्र नांदतात, आणि ती नांदू द्यायची. असई म्हणजे वीस घरं नकोत, दोन-तीन पुरेत. हार्डबोर्डचा एक वेडावाकडा तुकडा कापा, वीस सेंटिमीटरच्या आसपास, त्याला पांढरीच्या मातीचा रंग द्या. हा तुकडा म्हणजे गाव. घरं त्यावर सुटी ठेवायची. पलटण गावात शिरली की घर उचलून बाजूला ठेवायचं आणि पलटण त्या तुकड्यावर उभी करायची.

आणि कौलं काढा. आपल्याकडचं जुनं घर माळवदाचं: जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडे जवळजवळ खिडकी नाही, वर सपाट माळवद आणि त्याला कठडा. तुमच्यासाठी हा फायदाच आहे, कारण सपाट छपरावर बंदूकवाले उभे करता येतात. मापं देतो. दरवाजा ४० मिमी उंच, बेसची जाडी धरून फिगर त्यातून जाईल असं वाटलं पाहिजे. भिंत ५५ ते ६०. कठडा १० मिमी, त्याहून उंच केलात तर मागचा माणूस झाकला जातो आणि ‘दिसतोय की नाही’ यावर वाद होतात. थर्माकोलच्या भिंतीचे कोपरे काटकोनात ठेवू नका, अंगठ्याने दाबून थोडे गोल करा. मातीची भिंत पावसाने अशीच झिजते. खालचा दोन बोटं भाग गडद ठेवा, तिथे ओल चढते. माळवदाच्या कडेला पन्हाळ हवी, काडेपेटीची काडी उभी चिरून घेतली की पुरते. त्या पन्हाळीखाली भिंतीवर पाण्याचा एक ओघळ, पातळ तपकिरी रंगाचा, वरून खाली सुटू द्या. एवढ्याने घर राहतं वाटतं.

गावाच्या तटाला गढीसारखी मातीची भिंत करा, बुरुजांसह. बाहेर निवडुंगाचं कुंपण हवं असेल तर एक युक्ती: कार्डशीटला दोन्ही बाजूंनी हिरवा रंग द्या आणि कागदाला भोकं पाडायच्या पंचने टिकल्या पाडा. टिकली साधारण ६ मिमीची निघते, फिगरच्या मापात ती ३५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि फड्या निवडुंगाचं पान तेवढंच असतं. तीन-चार टिकल्या एकमेकींच्या कडेवर फेविकॉलने उभ्या चिकटवल्या की एक फड होतो. काम कंटाळवाणं आहे, पण संध्याकाळी दोघातिघांनी बसून केलं तर कुंपण उभं राहतं, आणि ते ओलांडायला पलटणीला अर्धी चाल जास्त लागते हा नियम कोणाला सांगावा लागत नाही.

झाडं थोडी ठेवा आणि सगळी सुटी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या पंपाची तांब्याची तार वजनावर मिळते, आपल्याकडे ती दुकानं कोणत्याही तालुक्याच्या गावात आहेत. दहा-बारा तारा एकत्र पिळून खोड, वर सोडवून फांद्या. त्यावर फेविकॉल आणि लाकडाचा भुसा. बाभळीसाठी फांद्या वर जाऊन आडव्या पसरू द्या, माथा चपटा आणि विरळ. कडुनिंब गोल आणि दाट. पाल्यासाठी जुन्या गादीचा फोम रंगाच्या पाण्यात भिजवून मोडक्या मिक्सरमधून काढा. तो मिक्सर परत स्वयंपाकाला वापरायचा नाही. झुडपांना घोसाळ्याची वाळलेली जाळी, उंच गवताला नारळाचा काथ्या. पऱ्हाटीच्या बारीक फांद्याही चालतात, पण त्या ठिसूळ असतात, हाताळण्यात मोडतात. कडेला ठेवा.

चहाचा चोथा जमिनीवर पाचोळा म्हणून फार छान दिसतो. मात्र आपला चहा दूध-साखरेचा. चोथा तीन-चार पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवला नाही तर पहिल्याच पावसात मुंग्या आणि बुरशी. कागदी लगद्यासाठी मैद्याची खळ करणार असाल तर पुस्तकबांधणीवाले घालतात तसं चिमूटभर मोरचूद घाला, झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर खळीच्या वाटेला जाऊच नका.

सामानाचं एक राहिलं. २०१८ च्या अधिसूचनेनंतर राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानात शीट शोधत फिरू नका. फ्रिज-टीव्हीच्या दुकानात पॅकिंगचा थर्माकोल पडून असतो, आणि तो बहुतेक वेळा जास्त घट्टही असतो. त्याहून चांगला माल म्हणजे एक्सपीएस, छताला उष्णतारोधक म्हणून घालतात तो गुलाबी किंवा निळा बोर्ड. त्याला दाणे नसतात, ब्लेडने दगडासारखा कोरला जातो. छत्रपती संभाजीनगरला इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे विचारून पाहा. दाणेदार थर्माकोल करवतीने कापू नका, घरभर दाणे होतात आणि नाल्यात जातात. निक्रोमची तार आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर यावर गरम तारेचा कटर होतो. घरच्या २३० व्होल्टला तार कधीही थेट जोडायची नाही. तार लाल होता कामा नये. धूर दिसला तर ती जास्त तापली आहे. तो धूर श्वासात घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. ग्लूगन फक्त तात्पुरत्या जोडासाठी. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं सामान असेल तर ते जोड मऊ पडून आपोआप सुटतात. पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड एका बाजूने रंगवला की वाळताना वाकतो, म्हणून मागूनही पाणी-फेविकॉलचा एक हात द्या.

आता तुमचा डोंगर. तो पायऱ्यापायऱ्यांचा झालाय म्हणून तुम्हाला तो खोटा वाटतो. युरोपातल्या टेकडीसाठी खोटा, आपल्यासाठी नाही. आपले डोंगर लाव्हाच्या एकावर एक थरांचे आहेत. कठीण थराचा उभा कडा उरतो, मऊ थर झिजून उतार होतो, वर सपाट माथा. अजिंठ्याच्या रांगेत, बालाघाटात, दौलताबादच्या आसपास हेच दिसतं. पायऱ्या राहू द्या, फक्त त्यांना खेळाची मापं द्या: प्रत्येक पायरी तुमच्या सगळ्यांत खोल बेसपेक्षा बोटभर जास्त रुंद, म्हणजे ४० मिमीचा बेस असेल तर ५५ ते ६० मिमी. कड्याची उंची २५ मिमी. उतार ३० अंशांच्या आत, त्यापुढे धातूची फिगर घसरते. कड्याच्या तोंडावर खराखुरा फुटका बेसॉल्ट दाबून पोत उठवा. काळ्या रंगावर जांभळट तपकिरी, मग कोरड्या ब्रशने उबदार राखाडी, आणि दोन थरांच्या मधे कुठेतरी विटकरी रंगाची बारीक रेघ. घाटातल्या कापलेल्या रस्त्यांच्या कडेला ती लाल माती तुम्ही पाहिली असेल. हा डोंगर देवगिरीच्या वेढ्याला उपयोगी पडेल. तिथे मात्र खालचा कडा उभा तासलेला आणि भोवती खंदक, पायरी एकही नको.

चटई, माळवदाची घरं आणि झाडं दुसऱ्या लढायांनाही चालतात. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई याच सामानात मांडता येते, फक्त गोदावरी केळणेपेक्षा कितीतरी रुंद दाखवावी लागेल आणि तिला सुट्या पट्ट्या कराव्या लागतील.

क्रम असा धरा: आधी कागदावर दोन नद्या आणि गाव काढा, मग त्या कागदाच्या मापाने नुसत्या चादरीवर सुतळीच्या नद्या आणि पुठ्ठ्याचं गाव ठेवून एक पूर्ण डाव खेळा. पोलमनची रांग वळायला जागा पुरते का आणि उतारापासून पहिली पलटण फळीत यायला किती चाली लागतात, हे त्यात कळेल. ते जमलं की मांजरपाट आणा. तुमच्या बेसची रुंदी आणि तुम्ही वापरता त्या नियमांमधली पायदळाची एका चालीची लांबी कळवलीत, तर उतार पूर्व कडेपासून किती अंतरावर ठेवायचा ते माप काढून देतो.